मृदंगापासून दहा मिनिटं

चेन्नईत डिसेंबर म्हणजे गाण्याचा महिना. तमिळ पंचांगातला मार्गळी डिसेंबरच्या मध्याला लागतो, आणि मैलापूर व त्याला चिकटून असलेल्या आळवारपेटच्या गल्ल्यांमध्ये सकाळपासून रात्री साडेनऊपर्यंत कुठे ना कुठे कर्नाटक संगीत चालू असतं. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या जोडीला एक संगीत परिषद झाली, आणि तिच्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. अकॅडमीची परिषद आणि मैफली डिसेंबरात होऊ लागल्या, मग बाकीच्या सभांनीही तेच दिवस धरले. सभा म्हणजे गाणं आयोजित करणारी मंडळं. २०१७ साली युनेस्कोने चेन्नईला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. तिथल्या लोकांना त्यात नवल वाटलं नसेल.

एका मैफलीला तिथे कचेरी म्हणतात. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अण्णांना घेऊन कचेरीत जायचं म्हटलं की मला सातबाराच आठवतो."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. सोलापूरला गिरणीत नोकरी केली आणि चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला. दोन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. डाव्या कानाचं जवळजवळ संपलंय, उजव्या कानात मशीन आहे. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की वयामुळे कान जातात तेव्हा उंच स्वर आधी जातात, खर्ज मागे राहतो. म्हणून आजोबांना आईची हाक ऐकू येत नाही, पण दाराबाहेर ट्रक थांबला की ते लगेच मान वळवतात. डॉक्टर असंही म्हणाले की उजवा कान किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर आजोबा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी जेवताना म्हणाले, "मद्रासचा मृदंग एकदा समोर बसून ऐकायचा राहिलाय."

बाबा तेव्हा पोस्टिंगवर होते आणि रजा मार्चशिवाय नव्हती. आईला नाताळात पाच दिवस मिळत होते. मला हिवाळ्याची सुट्टी होती. राहण्यासाठी आईने दहा हजार रुपये बाजूला काढले आणि रविवारच्या फोनवर मला सांगितलं, "तुम्हाला शाळेत नकाशा वाचायला शिकवतात ना? मग खोली तू शोध."

हे वाचणाऱ्या कॅडेट्सना 'अप्रिशिएशन' म्हणजे काय ते सांगायला नको. पालकांसाठी सांगतो. एखादी कामगिरी हातात आली की आधी उद्दिष्ट एका वाक्यात लिहायचं, मग त्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी, मग उपलब्ध मार्ग, आणि शेवटी त्यांतला एक निवडायचा. उद्दिष्टाचं वाक्य चुकलं तर पुढचं सगळं सुंदर अक्षरात लिहूनही उपयोग नसतो. मी रात्रीच्या प्रेपमध्ये वहीत लिहिलं, 'आजोबांनी पाच दिवस मृदंग ऐकणे.' 'स्वस्त खोली शोधणे' असं लिहिलं नाही. दहा हजार ही मर्यादा होती, उद्दिष्ट नव्हतं.

मग घटक. आजोबांचा एक गुडघा दुखतो, म्हणजे जिना नको. कानाचं मशीन सलग तीन-चार तास लावलं की त्यांचं डोकं जड होतं, म्हणजे दुपारी दोन तास मशीन काढून आडवं व्हायला जागा हवी. आणि तिकिटांना जास्त पैसे नव्हते. यातलं तिसरं सोपं निघालं. सीझनमध्ये दुपारच्या कितीतरी कचेऱ्यांना तिकीट नसतं, कारण त्या वेळी तरुण कलाकार गातात-वाजवतात. नावाजलेले लोक संध्याकाळी. दुपारी सभागृह अर्धं रिकामं असतं, म्हणजे पुढची खुर्ची मिळते. आजोबांना नाव नको होतं, पुढची खुर्ची हवी होती.

माझ्या बाजूच्या खाटेवरचा दोस्त मदुराईचा आहे. त्याने पहिल्यांदा हे सांगितलं की पाटीवर 'हॉटेल' दिसलं की फोन करू नकोस, तिथे इडली मिळेल, खोली नाही. आपल्याकडेही गावाकडे हॉटेल म्हणजे चहा-भजीच, त्यामुळे मला ते पटकन कळलं. खोलीसाठी लॉज किंवा रेसिडेन्सी पाहायचं. तिरुवल्लिकेणीत, म्हणजे इंग्रजांच्या ट्रिप्लिकेनमध्ये, 'मॅन्शन' नावाच्या इमारती आहेत. नाव राजवाड्याचं, आत एकट्या राहणाऱ्या नोकरदार पुरुषांच्या महिनेवारी भाड्याच्या खोल्या. आई बरोबर असल्याने त्या बाद.

उरले तीन मार्ग. सेंट्रल स्टेशनजवळचं लॉज, तीन माणसांना रात्रीचे १,००० रुपये. तिरुवल्लिकेणीतलं लॉज, १,२०० रुपये. मैलापुरात कपालीश्वरर देवळाभोवतीच्या माडा रस्त्यांजवळचं लॉज, १,६५० रुपये. सगळ्यांवर तेव्हा बारा टक्के जीएसटी. पाच रात्रींचे अनुक्रमे ५,६००, ६,७२० आणि ९,२४० झाले. आईने फोनवर आकडे ऐकले आणि साहजिकच म्हणाली, "मग स्टेशनजवळच बघ की."

आता दुपारची झोप हिशेबात धरा. सकाळी जाणं, दुपारी परत येणं, पुन्हा जाणं, रात्री परत येणं, असे रोज चार फेरे. दोस्ताने त्याच्या चेन्नईतल्या मावशीला विचारून रिक्षाचे अंदाज दिले. तिरुवल्लिकेणीहून फेरीला सव्वाशेच्या आसपास, स्टेशनकडून दुप्पट. म्हणजे तिरुवल्लिकेणीचे रोज पाचशे, पाच दिवसांचे अडीच हजार. ते ६,७२० मध्ये मिळवले की मैलापूरच्याच आकड्यावर येतो. स्टेशनचं लॉज तर सगळ्यात महाग पडतं. वेलाचेरीकडे जाणारी लोकल तिरुवल्लिकेणीहून मैलापूरला अगदी स्वस्तात आणते, पण तिचा मार्ग उंचावरून आहे आणि स्टेशनात चढ-उतार आहे, म्हणजे पुन्हा गुडघा.

आई म्हणाली, "चार फेरे कशाला? दोनच करू." हा प्रश्न रास्त होता. दोन फेरे केले तर खरोखर पैसे वाचले असते. पण मग आजोबा दुपारी दोन वाजता कुठल्यातरी सभेच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले असते, आणि संध्याकाळच्या मृदंगापर्यंत त्यांचं डोकं दुखायला लागलं असतं. लोक स्वस्त खोली घेतात आणि मग ती दूर आहे म्हणून दिवसभर तिच्याकडे फिरकत नाहीत. ती खोली राहत नाही, क्लोक रूम होते. मी आईला एवढंच म्हटलं की अण्णांच्या पावलांनी मोजू. नकाशावर माडा रस्त्यापासून अंतरं काढली. भारतीय विद्या भवन ईस्ट माडा स्ट्रीटवरच आहे. सुंदरेश्वरर स्ट्रीटवरची रसिक रंजनी सभा किलोमीटरच्या आत. मुसिरी सुब्रमण्यम रोडवरचं मैलापूर फाइन आर्ट्स थोडं पुढे. अकॅडमी आणि नारद गान सभा दीड-दोन किलोमीटर, तिथे रिक्षा. ड्रिलमध्ये आम्ही मिनिटाला १२० पावलं टाकतो. आजोबांची मी पन्नास धरली, तरी भवन दहा मिनिटांच्या आत येत होतं. आई म्हणाली, "बरं, घे."

लॉजच्या मॅनेजरशी बोलायला दोस्त शेजारी बसला. रविवारी फोनला दहाच मिनिटं मिळतात, म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवले होते. ते इथे देतो, कुणाच्यातरी घरी उपयोगी पडतील. हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बारा ते बारा? (दक्षिणेतली बरीच लॉज चोवीस तासांची असतात. सकाळी आठला पोहोचलात तर सकाळी आठलाच दिवस संपतो, लॉबीत सामानावर बसून बारा वाजण्याची वाट पाहावी लागत नाही.) लिफ्ट आहे का, आणि आत्ता चालू आहे का? संडास कमोडचा की उकिडवं बसायचा? तिसरी खाट म्हणजे खाट की जमिनीवर गादी? भाडं करासकट की कर वेगळा? आणि शेवटचं दोस्ताचं सुचवणं : हे सगळं आईच्या मोबाइलवर मेसेज करून पाठवा. खोली रस्त्याकडची नको, मागची द्या, असंही मी सांगितलं. गाण्याच्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत गोंगाट असेल असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

मॅनेजरने या शेवटच्या मागणीवर हसून काहीतरी तमिळमध्ये म्हटलं. दोस्तही हसला. काय म्हणाले विचारलं तर म्हणाला, "रात्री नऊ-साडेनऊला मैलापूर झोपतं. तू पहाटेची काळजी कर."

२२ डिसेंबरला आम्ही पोहोचलो. काउंटरवर दुसराच माणूस होता आणि त्याने १,९५० रुपये भाडं सांगितलं. सीझन रेट. आईला तमिळ येत नाही, त्याला हिंदी येत नव्हतं. आईने चष्मा लावला, मोबाइलवरचा मेसेज उघडला आणि काउंटरवर ठेवला. वाद नाही, आवाज नाही. दोन मिनिटांनी आम्हाला १,६५० मध्येच मागची खोली मिळाली. लिफ्ट चालू होती. नळाचं पाणी खारट, प्यायला वीस लिटरचा कॅन. चादरी स्वच्छ होत्या. यापेक्षा खोलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पहाटे चार वाजता खोली थरथरायला लागली. मागच्या बाजूला एका खानावळीचं स्वयंपाकघर होतं आणि इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर खिडकीच्या बरोबर खाली. आई उठून बसली. मी उशी डोक्यावर घेतली. पाच वाजायच्या आत देवळाच्या कर्ण्यातून मार्गळीची स्तोत्रं सुरू झाली. रेव्हेलीचा बिगुल त्यापुढे अंगाईगीत आहे. आजोबा मशीन काढून शांत झोपले होते. आई हळूच म्हणाली, "आपण दोघांनी दहा हजार रुपये देऊन ग्राइंडर विकत घेतलाय."

पण साडेपाचला आजोबा आपले आपण उठले. काकड्याला उठायची चाळीस वर्षांची सवय आहे. गॅलरीतून रस्त्याचा तुकडा दिसत होता. दारोदार बायका रांगोळ्या काढत होत्या, तिथे त्यांना कोलम म्हणतात. एक-दोन रांगोळ्यांच्या मध्ये शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं होतं. आणि गात जाणारी माणसांची एक रांग आली. मार्गळीत देवळाभोवतीच्या चारही माडा रस्त्यांवरून पहाटे भजन करत फिरण्याची मैलापूरची रीत आहे. पापनाशम शिवन हे मोठे रचनाकारही अशा भजनाच्या पुढे असत. आजोबांच्या कानात मशीन नव्हतं. ते कठड्याला धरून वाकून पाहत होते. म्हणाले, "टाळ आहेत की रे यांच्याकडे. अगदी छोटे." मग मशीन न लावताच खाली उतरले आणि रांगेच्या शेवटी जाऊन चालायला लागले. मी शर्ट घालत मागे धावलो. दुसऱ्या दिवसापासून आईने गजर लावणं सोडून दिलं, कारण ग्राइंडर होताच.

दुपारची पहिली कचेरी. सभागृहात जेमतेम साठ माणसं. मृदंगवाला आमच्या शाळेच्या सीनियर्सएवढाच, अठरा-एकोणीसचा. प्रेक्षकांकडून पाहिलं तर तो गायिकेच्या डाव्या हाताकडे दिसत होता, म्हणून आजोबांनी पहिल्या रांगेतली डाव्या टोकाची खुर्ची धरली. त्यांचा चांगला कान उजवा, म्हणजे मृदंग थेट त्या कानात. सुरू होण्याआधी त्या मुलाने डब्यातून ओला रवा काढला आणि डाव्या तोंडावर थापला. आजोबांनी माझा हात दाबला. पखवाजाला आपण कणीक लावतो, तसाच खर्ज यावा म्हणून. "हे रवा लावतात. म्हणजे भाऊच झाला."

आजूबाजूचे लोक मांडीवर ताल मोजत होते. आदितालाच्या आठ मात्रा : टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. आजोबांनी दोन आवर्तनं पाहून घेतली आणि तिसऱ्यापासून तेही मोजू लागले. गायिकेचा आवाज त्यांना किती पोहोचत होता कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

मुख्य रचनेनंतर गायिका थांबते आणि मृदंगाला एकट्याने वाजवायला मिळतं, त्याला तनि आवर्तनम म्हणतात. आम्ही ज्याच्यासाठी सोलापूरहून आलो होतो ते हेच. आणि त्याच क्षणी मागच्या रांगांमधून खुर्च्यांचे आवाज आले. लोक उठून कँटीनकडे निघाले! सीझनची कँटीनं प्रसिद्ध आहेत, केळीच्या पानावरचं जेवण, फिल्टर कॉफी, केळफुलाचे वडे, सगळं मान्य. तनि लागलं की उठायचं ही तिथली जुनी खोड आहे, असं शेजारच्या काकांनी मला इंग्रजीत सांगितलं, आणि सांगून स्वतः उठून गेले. आजोबा मागे वळून बघत म्हणाले, "काय माणसं आहेत." त्यांनी हे जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही. मृदंगवाल्या मुलाने वर पाहिलं. मराठी समजलं नसणार, पण पुढची दहा-बारा मिनिटं तो पहिल्या रांगेतल्या डाव्या खुर्चीकडे बघून वाजवत होता, आणि आजोबा समेवर मान देत होते. एकदाही त्यांची सम चुकली नाही.

शेवटाकडे हलक्या रचना असतात. त्यात गायिकेने तुकारामांचा अभंग घेतला. कर्नाटक गायक आता पुष्कळदा अभंग गातात, पण आम्हाला ते माहीत नव्हतं. तंजावरला दीडशेहून अधिक वर्षं मराठे राजे होते, मराठी कीर्तनकार तिकडे गेले, तिथल्या हरिकथेवर त्यांची छाप पडली, त्यामुळे मराठी पदं तिथल्या कानांना परकी नाहीत, हे आमच्या इतिहासाच्या सरांनी मला नंतर समजावलं. तेव्हा मात्र आई एकदम ताठ बसली. आजोबांना शब्द ऐकू आले नाहीत. आईने त्यांच्या तळहातावर बोटाने 'तुका' असं लिहिलं. त्यांनी मान हलवली आणि तिचा हात तसाच धरून ठेवला.

कचेरी संपल्यावर आजोबा चालत खोलीवर आले, मशीन काढून ठेवलं आणि तासभर गाढ झोपले. संध्याकाळी ताजेतवाने होऊन पुन्हा निघाले. पाच दिवस असंच. एका सकाळी लझच्या नागेश्वर राव पार्कमध्ये बाकावर बसलो होतो तेव्हा आई गुडघ्याला अमृतांजन लावून देत होती. हे बाग ज्यांच्या नावाची आहे त्या नागेश्वर रावांनीच १८९३ साली मुंबईत अमृतांजन काढलं, हे मी वाचून ठेवलं होतं आणि सांगायची संधी सोडली नाही. आजोबा म्हणाले, "मग इथे फुकट मिळायला पाहिजे."

चौथ्या दिवशी दुसऱ्या एका सभेत तोच मुलगा वाजवायला होता. संपल्यावर तो ओल्या फडक्याने रवा पुसत बसला होता. आजोबा स्टेजच्या पायरीशी गेले. भाषा एकही सामाईक नाही. आजोबांनी दोन्ही हात हवेत पखवाजावर ठेवल्यासारखे धरले. मुलाने पुसणं थांबवलं, उरलेला रवा पुन्हा लावला, आणि मृदंग त्यांच्याकडे सरकवला. आजोबांनी चप्पल काढली, बसले, आणि भजनी ठेका वाजवला, फार तर अर्धा मिनिट. डावीकडचा खर्ज वाजला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

राहण्याचे ९,२४० झाले. रिक्षाला पाच दिवसांत सहाशेच्या आत लागले. निघताना मूळच्या मॅनेजरने विचारलं, झोप लागली का? आई म्हणाली, "नो," आणि पुढच्या वर्षीच्या तारखा विचारल्या. पुन्हा यायचं असेल तर ऑक्टोबर उजाडायच्या आत फोन करा, असं ते म्हणाले. आजोबांची कानाची तपासणी फेब्रुवारीत आहे. मी दोस्ताला सप्टेंबरचा एक रविवार राखून ठेवायला सांगितलाय.